रिकाम्या खोलीत धरलेली जागा

विहीणबाईंना माझा नमस्कार. तुमची तब्येत उत्तमच असणार, तुम्ही काहीच मनाला लावून घेत नाही. व्याहीबुवांचा खोकला थांबला का? नसेल तर थांबेल. माझे गुडघे रोजच्याइतकेच दुखतात.

पत्राला कारण आपली भिंगरी. (मी नातीला भिंगरी म्हणते, तुम्ही राणी म्हणता, त्याचाच हा परिणाम असावा.) संख्याशास्त्र नावाच्या एका विषयात ती दोनदा गचकली आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा बसायचं, आणि या खेपेलाही गचकली तर कॉलेज नाव काढून टाकणार. तुमचे जावई जेवताना ताटाकडे बघतात, तुमची लेक त्यांच्याकडे बघते, आणि भिंगरी कुणाकडेच बघत नाही. मी सगळ्यांकडे बघते, पण मला कोण विचारतं.

मुलं अशी बुडू नयेत म्हणून कॉलेजनंच एक मदतकेंद्र काढलंय. गणिताला एक सर, लिहिलेलं सुधारून द्यायला एक ताई, आणि नुसतं ऐकून घ्यायला एक बाई. (ऐकून घ्यायचा पगार मिळतो, विहीणबाई. आधी कळलं असतं तर मी ह्यांच्याकडून आजवर केवढा वसूल केला असता.) मुलांना सगळं फुकट. तरी भिंगरी जाईना. म्हणे तिथं ढ मुलं जातात, आणि भिंत काचेची आहे, समोरच पाणी प्यायची जागा, आख्खं कॉलेज बघतं.

आता आपल्याकडे कामाची रीत ठरलेली आहे. दातांचा डॉक्टर असो की बँक, म्हाताऱ्या माणसानं लवकर जाऊन नंबर धरायचा आणि आपली पाळी आली की तरण्यानं धावत यायचं. म्हणून मी पिशवी घेतली आणि जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, म्हणजे भिंगरीची जागा झाली. नंतर मान वर केली तर खोलीत दुसरं कुणीच नाही. रिकाम्या खोलीत नंबर लावणारी मी पहिलीच. सर फळा पुसत होते, त्यावर काही लिहिलेलं नसताना. ऐकणाऱ्या बाईंनी मला आत नेलं, कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय. हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, जिना उतरताना डाव्या गुडघ्यात कळ येते. त्यांनी मान डोलावली. बाई चांगल्या आहेत, पण औषध देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचा एक दाढीवाला पोरगा आत डोकावला. आजी, कुणाची वाट बघताय, पाणी आणू का? पाणी आणलं, बसला, आणि बसलाच आहे तर सरांना एक गणित विचारलं. झालं. मित्रांनी हटकलं तर सांगायला मुलांना सबब मिळाली, की आम्ही आजींना पाणी द्यायला गेलो होतो. विहीणबाई, मी या आठवड्यात प्यायले तेवढं पाणी म्हैस पीत नसेल, आणि तिथलं बाथरूम वरच्या मजल्यावर आहे. आता खोलीत पाय ठेवायला जागा नाही. काल एक जाडगेला मुलगा माझ्या पिशवीवर बसला. सर म्हणतात, आजी, रोज येत जा.

येत जा म्हणे. दुनियेची पोरं सुधारताहेत आणि जिच्यासाठी ठाण मांडलं ती मागच्या जिन्यानं जाते. घरी माझ्याशी बोलत नाही. आईला म्हणाली, आजीनं माझी अब्रू घालवली. मला तर काही आशा दिसत नाही. एवढंच कळवायचं होतं. मुलांना आशीर्वाद.

तुमची विहीण

ता. क. काहीच मागायचं नाही. पण तुम्हाला आठ दिवस इथं येऊन राहता येईल का? मी घरी थांबते. खुर्चीवर कुणीतरी म्हातारं बसायला हवं, नाहीतर ती पोरं पुन्हा पांगतील. तुम्हाला बसल्या जागी डुलकी लागते यावर मी चार लोकांत बरंच बोललेय. ते राहू द्या. आता मला तीच हवी आहे.

आणखी ता. क. परवा भिंगरी आली होती. काचेबाहेर वही छातीशी धरून उभी होती, हात दाराच्या मुठीवर. मला राहवलं नाही. मी हाक मारली, माझा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे. सगळ्यांनी माना वळवल्या, आणि मुठीवरचा हात गेला. तर ती पुन्हा येईल तेव्हा तुम्ही डोळे मिटून घ्या. झोप आली नसली तरी. पिशवी मात्र तेवढी शेजारच्या खुर्चीवरून हळूच उचला.