दर गावात मार्नीचं घर

आई,

मी मार्नीला घेऊन डेलकडे, व्हँकूव्हरला निघाले आहे. बापानं पोरीला अजून चालताना पाहिलेलं नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, तुमच्या लेकाला फोनवर झोडपू नका.

"दोन वर्षांचं पोर एवढ्या लांब? पहिल्याच गावाशी 'घर, घर' करून जीव खाईल तुझा. तिला इथंच ठेव, सूनबाई," असं तुम्ही चर्चमध्ये सगळ्यांसमोर म्हणालात. म्हणून परवा तिला रिजायना शहरापर्यंत नेऊन आणलं. 'घर, घर' केलं तिनं, पण रडून नाही. आपल्या अंगणाला लागून धान्याचं उंच कोठार आहे ना, तसं कोठार दिसलं की तिला ते आपलंच घर वाटतं. आणि आपल्या सपाटीवर तर गावोगावी एक आहे! प्रत्येक घराला तिनं टाळ्या वाजवल्या. मधे ओकली, मी पुसलं, पुन्हा टाळ्या. असली प्रवासी तुमच्या खानदानात झाली नाही.

पुढे वाटेत डोंगर लागतात, तिथं कोठारं नाहीत. रडली तर गाडी थांबवीन, तिला धावू देईन. मला घाई नाही.

ओव्हनमध्ये तुमचं बटाट्याचं जेवण झाकून ठेवलंय. मांजराला दूध देऊ नका, बाधतं.

डेल बंदरावर ज्या कोठारातून जहाजं भरतो, ते आपल्या कोठाराहून कितीतरी मोठं आहे. ते बघून मार्नी 'घर' म्हणेल. तेव्हा मात्र तिचं चुकलेलं नसेल.

कॉरिन