एका पायाचं पॅड

गुरुजी, मी अजून तुमच्यावर चिडलेलो आहे. पहाटेच्या नमाजनंतर दुआ मागताना आईवडिलांच्या पाठोपाठ तुमची आठवण येते, आणि दुआ पुरी व्हायच्या आत ते पॅडही आठवतं. आपल्या शाळेत पॅडची जोडी एकच होती. दोन फलंदाजांनी एकेक बांधायचं, तेही पुढच्या पायाला. मी मॅटवर उभा राहतो आणि तुम्ही पंचाच्या जागेवरून ओरडता, "पुढं ये रं. मागचा पाय उघडा हाय, तिथं लागला तर तुझ्या बापाला काय सांगू मी?" मी पुढं आलो. वर्षानुवर्षं पुढंच आलो. जिल्ह्याकडून खेळलो, मग बाहेर गेलो. तिथं दोन्ही पायांना पॅड होती, आणि तिथल्या गोलंदाजांनी चेंडू आखूड टाकून टाकून मला घरी पाठवलं. तुम्ही म्हणालात, "नशीब गड्या." नशीब कसलं, गुरुजी?

आता मी मलकापुरात मुलामुलींना शिकवतो. प्रत्येकाचं स्वतःचं किट आहे, आणि कुंपणाला चिकटलेले पालक माझ्याआधी सूचना देतात. आटपाडीहून मामाकडं राहायला आलेली एक मुलगी सगळ्यांत चांगली खेळते. गेल्या साली सांगलीच्या निवड चाचणीत आखूड चेंडूंनीच तिचा घात केला. यंदाची चाचणी रविवारी आहे, आणि आज पुन्हा तेच. मी वैतागून म्हणालो, "अगं, मागं जा की. पुढं का येतीस?"

"सर, रोज तुमीच पुढं ये, पुढं ये म्हणून वरडताय की."

कुंपणापलीकडून तिचा मामा म्हणाला, "व्हय सर, आमच्या म्हशीबी आता पुढं याय लागल्यात."

मी तिच्या पुढच्या पायाचं पॅड सोडवून घेतलं.

"आवं सर, एकच?"

"एकच. आता ये पुढं."

रबरी चेंडू आखूड टाकत राहिलो. आधी तिनं गुडघ्यावर खाल्ला, मांडीवर खाल्ला. मग पाय आपसूक मागं सरकला आणि चेंडू मामाच्या पुढ्यात कुंपणावर आदळला. ती हसली, चेंडू उचलून आणला. "आता तुमी उभं राहा."

ते पॅड मागच्या पायाला बांधून मी उभा राहिलो. चेंडू आखूड येताना स्वच्छ दिसत होता, तरी पाय पुढंच गेला. पुढचा गुडघा अजून ठणकतोय, म्हणून झोपायच्या ऐवजी हे लिहीत बसलोय. तुम्ही गेल्यावर पाठवणार कुठं, घडी करून किटबॅगेत टाकीन.

निघताना तिनं विचारलं, ही युक्ती कुणाची. मी म्हणालो, माझीच.