मिठागरवाल्याचा अळणी आठवडा

साडूभाऊ बाळाजीराव यांस, दिघी मुक्कामी,

पेणच्या खाडीकाठावरून धर्माचा रामराम. तुमचा गुडघा कसा आहे? जेट्टीवरची तुमची चहाची टपरी आणि आमच्या नलूताईंचा आवाज, दोन्ही खणखणीत असतील असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचताना ते विसरा. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो (आमच्या मुलाचा, परेशचा शोध, म्हणे कानाला बरं), आणि मला जे सांगायचंय ते आमच्या हिने, सत्यवतीने ऐकता कामा नये. म्हणून सुकटवाल्यांसाठी मीठ घेऊन फेरीबोटीने तुमच्याकडे येणाऱ्या टेम्पोबरोबर हे पाठवतो आहे.

तर गोष्ट अशी की मला मीठ बंद झालं आहे. मला! ज्याच्या बापाने आणि आज्याने मीठ पिकवलं, ज्याच्या दारात आत्ता ऐन हंगामात घराच्या पत्र्याला टेकेल एवढी मिठाची रास उभी आहे, त्या धर्माला! गेलो होतो टाचेच्या भेगा दाखवायला (खाऱ्या पाण्यात जन्म गेला, भेगा असणारच). पण आमच्याकडची ती नवी डॉक्टरीण नूतन, ती टाचेकडे बघेचना. दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बांधला आणि म्हणाली, काका, मीठ सोडा. मग विचारलं, काम काय करता? म्हटलं, मीठ करतो. तिला वाटलं मी थट्टा करतोय. रक्तदाबाच्या गोळ्या देऊन तिने मला वाटेला लावलं. टाचेचं मलम राहिलं ते राहिलंच.

घरी येऊन मी हसतहसत सांगितलं, पण सत्यवती हसली नाही. तिने मिठाची बरणी, पापड, लोणचं, सुकट, सगळं उचलून ट्रंकेत घातलं आणि चावी कमरेला लावली. दारातली रास ट्रंकेत मावेना, म्हणून तिच्याकडे नुसतं रागाने बघितलं. रात्री ताटात खाडीतल्या ताज्या मासळीचं, जिताड्याचं कालवण आलं. बाळाजीराव, जिताडं! जे समोर आलं की तुम्ही बोलायचे थांबता! पहिला घास घेतला आणि वाटलं, आपली जीभच मेली. खोबरं होतं, चिंच होती, लसूण होता, आणि सगळे एकमेकांशी ओळख नसल्यासारखे वाटीत बसले होते. त्यात सूनबाई जागृती रोज सकाळी माझ्या दंडाला पट्टा लावते आणि आकडा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. त्यावर थळची चुलतबहीण हात जोडते, उरणचा भाचा अंगठा दाखवतो. माझं रक्त किती चढलं ते सगळ्या गोतावळ्याला कळतं. धर्मा पोटभर जेवला का, हे एकजण विचारत नाही.

मी काय ऐकून घेणारा आहे? मिठागरवाल्याला मीठ चाखावंच लागतं. खडा जिभेवर ठेवल्याशिवाय त्यातला कडवटपणा गेला की नाही ते कळत नाही, आणि व्यापारी रतनशेठ माझ्या जिभेवर विश्वास ठेवून माल उचलतो. हे खाणं नव्हे, हे काम आहे. आता हे काम करताना सोबत एखादी कैरी घेतली, कधी उकडलेलं अंडं घेतलं, तर त्याला मी कष्टाळूपणा म्हणतो. पुढे खिशात मिठाची पुडीच ठेवू लागलो. सत्यवती पाणी आणायला वळली की कालवणावर चिमूट. आकडा चढत राहिला. जागृतीने मशीनला दोष दिला, नवे सेल घातले. मीही म्हटलं, मशीनच भिकार आहे.

बुधवारी मात्र घोटाळा झाला. मासळी बाजारात निवट्यांचा भाव करता करता सत्यवती मटकन खाली बसली, ती उठेचना. उचलून त्याच डॉक्टरणीकडे नेली. हिचा रक्तदाब पार तळाला! काय खाता, असं विचारल्यावर ही म्हणते, "यांना एकट्याला अलनी कसं घालू? मी पन तेच खाते." (मला पत्ता नाही! मी आपला माझ्याच वाटीत चिमूट टाकण्यात गुंग.) डॉक्टरीण म्हणाली, आधी मीठ-साखरेचं पाणी द्या. साखर शेजारच्या हॉटेलातून आली, पण मीठ कुठाय, मीठ कुठाय म्हणून धावपळ सुरू झाली. आणि बाळाजीराव, बायको बाकावर पांढरीफटक पडलेली, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी खिशातून पुडी काढली आणि पुढे केली. वर म्हणालो, घ्या, आपलंच आहे, कडू नाही.

डॉक्टरीण पुडीकडे बघते, जागृती माझ्याकडे बघते, आणि जिला आत्ताच छप्पर फिरताना दिसत होतं ती सत्यवती ताडकन उठून बसली. तेवढा एक ग्लास डॉक्टरणीने दटावून पाजला. घरी आल्यावर मात्र हिने जाहीर केलं, "तुमी मीठ खरंच सोराल, तवाच मी खाईन." तेव्हापासून ट्रंक बंद आहे, ही भिंत धरून चालते आणि माझ्याशी जागृतीमार्फत बोलते.

पण मीही धर्मा आहे. डॉक्टरीण, परेश, जागृती आणि तो अंगठा दाखवणारा भाचा, कोणापुढे मी वाकणार नाही. मिठागर सोडणार नाही आणि मीठही सोडणार नाही, हे माझ्या नावाने टपरीवर बसून खुशाल सगळ्यांना सांगा.

तुमचा ताठ मानेचा साडू
(मानेत उसण भरली आहे, ते वेगळं)
धर्मा

ता.क. टपरीवर सांगितलं नसेल तर राहू द्या. बुधवारपासून मी एक खडा पोटात जाऊ दिलेला नाही. चाखतो आणि थुंकतो. डॉक्टरणीला घाबरून नव्हे. भिंत धरून चालणारी बायको मला बघवत नाही, म्हणून. पण ही माझ्यावर विश्वास ठेवेना. मी तिच्या जागी असतो तर मीही ठेवला नसता.

ता.क. २. काल रतनशेठ आला तेव्हा मी जीभ भाजल्याचं सोंग केलं आणि नव्या मिठाचा खडा हिच्या तळहातावर ठेवला. कामाला ती कधी नाही म्हणत नाही. चाखला, गिळला आणि म्हणाली, "कडू हाय अजून." अगदी बरोबर होतं. पण एका खड्याने चक्कर थांबत नाही, बाळाजीराव. ही जगात फक्त थोरल्या बहिणीचं ऐकते. नलूताईंना परतीच्या टेम्पोत बसवून द्या. पुढची सीट मी मोकळी ठेवायला सांगितली आहे.