आकडा कोण बदलतंय?

१४ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. नव्या नोकरीत रुळलीस, खोलीलाही मोठी खिडकी मिळाली, वाचून बरं वाटलं. भावजींच्या जेवणाची काळजी करू नकोस. त्यांचा डबा मीच नेते.

ऑफिसात मात्र भावजींच्या नि माझ्या डोक्याला महिनाभर ताप झालाय. आमचे सर्व्हर आता आभासी, म्हणजे एका मशीनच्या पोटात दहाबारा. दोन शाखांमधले सर्व्हर टनेलने, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेल्या खासगी वाटेने, जोडलेत. लॉगिन व्हायचं, छोटे निरोप जायचे. मोठी फाइल पाठवली की सगळं ठप्प. फाइल तुकड्यातुकड्याने, पॅकेटांतून जाते; टनेलमधून जाताना प्रत्येक पॅकेटवर जादा वेष्टण चढतं, म्हणून पॅकेटचा आकार आधीच थोडा कमी ठेवावा लागतो. हे मला भावजींनीच शिकवलं. ते त्या आकाराचा आकडा कमी करायचे, काम सुरू व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

"कुणीतरी मुद्दाम बदलतंय," म्हणून ते चिडायचे. परवा बॅकअप सांभाळणाऱ्या बाईंना सगळ्यांसमोर नको ते बोलले. भावजी आणि चढा आवाज! तुला तरी खरं वाटेल का?

काल दुपारी मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांनी आकडा कमी केला, फाइल गेली, खूश झाले. आम्ही चहा पिऊन आलो. भावजी स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हा आकडा कमी कुणी केला गं?" आणि माझ्या डोळ्यांदेखत तो पुन्हा वाढवला.

"भावजी, आत्ता तुम्हीच केला होतात."

त्यांनी कीबोर्डवरून हात काढून घेतला. मग हळूच म्हणाले, "तिला कळवू नकोस. इतक्या वर्षांनी तिला मनासारखं काम मिळालंय."

मी हो म्हटलं. म्हणजे त्यांना आधीपासूनच शंका होती, ताई.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. स्मृतिभ्रंश वाटतो, तपासण्या व्हायच्यात; पन्नाशीच्या आत हे क्वचित होतं, म्हणाल्या. तेच निघालं तर विसरणं वाढत जाणार. तिथून ते हट्टाने ऑफिसात आले, बॅकअपवाल्या बाईंची हात जोडून माफी मागितली. मग मला आपल्या खुर्चीत बसवलं. "सर्व्हरचा पासवर्ड बदल. मी विचारला तरी मला सांगू नकोस." मी टाइप करताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

हे फोनवर माझ्याच्याने बोलवलं नसतं. तुझ्याबद्दल ते रोज बोलतात, अजून एकही गोष्ट चुकत नाही. तोवर ये.

त्यांना दिलेला शब्द मोडणारी,
तुझी धाकटी