बोक्याची पूर्ण फी

अहो,

तुमच्या जुन्या मैत्रिणीच्या दवाखान्यात बोका नेण्यात तुमचा फायदाच होता: तपासणी फुकट, वर चहा आणि कॉलेजच्या गप्पा. म्हणूनच "रविवारी मीच नेतो" चाललं होतं. पण दुपारी त्याची लघवी तुंबली, कळवळायला लागला, तसा मीच उचलून नेला. नळी घालून मोकळं केलंय, आता जिवाला धोका नाही. रात्रभर तिथेच ठेवणार आहेत. त्याची चादर न्यायला आले होते, परत जातेय. तुम्ही येऊ नका.

"आमच्या बंड्याकडून कसले पैसे घ्यायचे!" असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तुम्ही कुणाचे बंड्या आहात, हे मला आजच कळलं. मग मी सगळी फी मोजून त्यांच्या हातावर ठेवली.

तर बोका वाचला, बाईंना पूर्ण पैसे मिळाले, आणि ते भरले बंड्याने, नव्या बुटांसाठी कपाटात ठेवलेल्या पाकिटातून.