पलीकडच्या गावची गोळी

९ मार्च
माफ कर गं वही, नाताळानंतर आजच तुला हातात घेतेय. औषधांचं दुकान एके दुकान चाललंय.
आज आतल्या खोलीत एक पोरगी, सतराची, पलीकडच्या फाकाताने गावाहून आलेली. डॉक्टरकडे न जाता गर्भनिरोधक गोळ्या हव्यात. इथे आम्हा औषधवाल्यांना तशी परवानगी आहे. रक्तदाब घेतला. अर्धशिशी? घरात कुणाला रक्ताची गाठ? कुणाची जबरदस्ती नाही ना? सगळं विचारून दिल्या.
"इतक्या लांब कशाला आलीस?"
"आमची औषधवाली लोरेन आईबरोबर चर्चमध्ये गाते, आंटी!"
दोघी खूप हसलो. ती गेल्यावर सुचलं – मग आमच्या ओपोटिकीच्या पोरी कुठे जातात?

१२ मार्च
कळलं! लेकीची मैत्रीण किरी गुडघ्याला पट्टी घ्यायला आली. बोलता बोलता – "मी नि अनाहेरा लोरेनकडे गोळ्यांना गेलो होतो ना, तेव्हा–" आणि तोंडावर हात. "आंटी, मी काही बोलले नाही हं!"
"मी काही ऐकलं नाही."
माझी अनाहेरा. राग नाही आला. थोडं लागलं. मग एकदम आठवलं – तिच्या वेळी बाळंतपणानंतर माझ्या पायात रक्ताची गाठ झाली होती. तिला हे ठाऊकच नाही! लोरेनने विचारलं असणार, हिने "नाही" म्हटलं असणार. अशा घरातल्या मुलीला नेहमीची गोळी नको, दुसरी द्यायची असते.

१३ मार्च
लोरेनला फोन? छे. तिने सांगू नये, मी विचारू नये. नवऱ्याला, हेमीला सांगू? म्हणजे लेकीचं गुपित फोडणं. मलाच बोलायला हवं.

१४ मार्च
अनाहेराबरोबर किनाऱ्यावर शिंपल्या काढायला गेले. टाचेने वाळू उकरत, अगदी सहज – "तू झालीस ना, तेव्हा माझ्या या पोटरीत गाठ झाली होती. रक्ताची."
ती थांबली. "आई! हे आत्ता सांगतेस?"
"विषय कधी निघालाच नाही."
"कसा निघेल? शिंपल्यांच्या गप्पांत?"
बादली अर्धीच घेऊन परतलो. कळलं असेल का तिला?

१५ मार्च
न्याहारीला पावावर लोणी लावत, माझ्याकडे न बघता अनाहेरा – "लोरेनने विचारलं होतं, घरात कुणाला गाठ झालीय का. मी म्हटलं, आईला विचारून येते. गोळ्या घेतल्याच नाहीत अजून. कधीपासून धीर करतेय तुला विचारायचा."
मी रडले. "आई, पाव भिजेल!"
"माझ्याच दुकानात–"
"शी! मुळीच नाही. लोरेनकडेच. उद्या चल माझ्याबरोबर. पण आत यायचं नाही, गाडीत बसायचं."

उद्या – आधी पेट्रोल भरणे.