गडव्यातला गजेंद्र

९ नोव्हेंबर
चित्रासाठी सोलतेय, पण संत्र्याची साल लांब सुटतच नाही! जुन्या डच चित्रांत लिंबाची साल कशी वळत वळत टेबलाच्या कडेवरून लोंबते. आमच्या सौंसरचं संत्रं बोट लावताच तुकडे तुकडे होऊन हाती येतं. टोपलीभर सोलली. आई म्हणाली, "आता हे खाईन कोण?" सगळ्यांनी खाल्ली. दात आंबलेत.

१० नोव्हेंबर
फोनवर रडगाणं गायले, तर गजेंद्रनं बसस्टँडवर मोसंब्यांची पिशवीच हाती दिली. "घट्ट सालीचं पाह्यजे न तुले? हे घे." सुरीने सोलली — अख्खी साल एकसंध! त्याचं बोरगावला खताचं दुकान आहे. लिहू का? लिहितेच. मला तोच हवा आहे.

बाबांना सांगायची हिंमत नाही. पांढुर्ण्याच्या स्थळाला ते महिनाअखेर होकार कळवणार आहेत.

१४ नोव्हेंबर
डच लोकांसारखंच रंगात जवसाचं तेल घातलं. आई — "फोडणीचं तेल चित्राले लावून राहिली का?" मागे गडद काळोख, डावीकडून उजेड. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. मला कुठला धीर!

त्या चित्रांत प्रत्येक वस्तू काही सांगते. सोललेलं फळ म्हणजे वरून देखणं, आत आंबट. माशी म्हणजे सगळं एक दिवस नासणार. आणि चकचकीत भांड्यात चित्रकार स्वतःला इवलंसं काढून ठेवायचे. मी आईच्या पितळी गडव्यात गजेंद्रला काढलं! तांदळाच्या दाण्याएवढा, खिडकीत उभा. कोणाला दिसतोय?

२१ नोव्हेंबर
चित्र बैठकीत लावलं. बाबांनी रंगवलेली माशी हाकलली. दोनदा! ओढणी तोंडात कोंबून हसले.

२२ नोव्हेंबर
मेले. बाबा संत्र्याच्या पानांवरची कीड बघायचं भिंग घेऊन आले. "कोणती माशी होय, पाहू दे." माशी पाहून झाली. भिंग सरकत गडव्यावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"हा कोन होय?"

"बोरगावचा गजेंद्र." निघालंच तोंडातून.

बाबांनी भिंग खिशात टाकलं. गाडीला किक मारून निघून गेले. कुठे, ते आईलाही सांगितलं नाही. मला जेवण गेलं नाही.

२३ नोव्हेंबर
बाबांनी सकाळी पांढुर्ण्याला नकार कळवला. मग चहा पिताना मला म्हणाले, "त्या पोराचे कान एवढे मोठे नाईत. काल पाहून आलो. नीट कर."